अर्धरुंदी

सूरच्या खाडीवर, साग आणि माशाच्या तेलाचा वास
ज्या शेडमध्ये एकमेकांत मुरतो,
तिथे एक गलबत टेकूंवर उभं आहे,
चोवीस मीटर लांब, आणि त्याचा एकही नकाशा नाही.
हमदानने ते डोळ्यांनी बांधलं.
विमा कंपनीला मात्र कागद हवा,
म्हणून मला बोलावलंय: टेप, ओळंबा, खडू.

दर चार मीटरवर थांबायचं,
मधल्या दोरीपासून फळीपर्यंत मोजायचं.
मांडवीचा कासमभाई टेपचं टोक धरतो, मी आकडे ओरडतो:
शून्य. एक नऊ. दोन आठ. तीन एक. दोन नऊ. दोन एक.
शेवटी, सुकाणूपाशी, चाळीस सेंटिमीटर.
सात कोटी.
मधलं सगळं न पाहिलेलं.

ह्या वक्राला सूत्र नाही.
पेंडसेसर म्हणायचे, सूत्र नसलं म्हणून
क्षेत्रफळ नसतं असं थोडंच आहे?
बारावीला मला तो शब्दांचा खेळ वाटला होता.

आधी सरळ जोडून पाहिलं, टोकाला टोक,
सहा समलंब चौकोन, त्यातला पहिला तर त्रिकोणच:
दोन्ही बाजू धरून एकशे चार चौरस मीटर.
पण गलबताचं पोट बाहेर फुगतं, रेघ आतून जाते,
पट्टीपट्टीला नखाएवढी कोर सुटते.
मग अन्वस्त वाकवले, तीन-तीन बिंदूंतून एक,
एक, चार, दोन, चार, दोन, चार, एक,
एकशे सात पूर्णांक दोन दशांश.

फरक तीन-सव्वातीन चौरस मीटर.
रुवीला होतो तेव्हा एवढ्याच जागेचं भाडं भरायचो:
पलंग, ट्रंक,
आणि भिंतीवर माझ्या नावचा एक खिळा.

एक, चार, दोन, चार, दोन, चार, एक.
टोकांना वजन एकच. पाठ होतं, कळलं उशिरा.
रजेचा पहिला दिवस, विमानतळ, हार घेऊन आलेला मेव्हणा: एक.
शेवटचा, बॅगांचा काटा, काढून ठेवलेली लोणच्याची बरणी: एक.
चार कुठे, तर मधल्या कुठल्याशा मंगळवारी
शर्वाणी सायकलची चेन बसवत होती,
हात काळे,
माझ्याकडे न बघताच म्हणाली, पाना दे.

पण नियमाला सारखं अंतर लागतं.
माझ्या रजा तशा पडल्या नाहीत.
एकदा चौदा महिने, एकदा तेवीस,
एकदा विमानंच बंद होती, त्या जागी कोटी नाही;
तिथे तिला चष्मा लागला, तिथे तिने केस कापले,
आणि सायकल शेजारच्यांना देऊन टाकली.
मी अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांतून वक्र काढतो.
तो गुळगुळीत येतो.
गुळगुळीत येतो म्हणूनच भीती वाटते.

सरांनी आणखी एक सांगितलं होतं:
खरं उत्तर कधी हाती आलं नाही, तरी
चूक जास्तीत जास्त किती, ते सांगता येतं,
वळण किती झपाट्याने बदलतं एवढं ठाऊक असलं की झालं.
तेवढंच तर ठाऊक नसतं.

गुरुवारी मोठ्या भरतीला गलबत लोटलं.
फळीवर माझी खडूची रेघ, हमदानची कोळशाची,
दोघांत दोन बोटांचं अंतर.
पाणी दोन्हींच्या खालीच थांबलं.
एक सेंटिमीटर बुडायला अकराशे किलो लागतात,
मी मनात भागाकार करत होतो,
कुठला भार मी जास्त धरला, कुठे दशांश सरकला.
हमदान हसला नाही.
"लकडी अभी पानी पियेगा," तो त्याच्या हिंदीत म्हणाला,
"दस दिन."

मी वहीत एक नवी ओळ आखली, दहा दिवसांनंतरची तारीख घातली,
आकड्याची जागा
रिकामी ठेवली.